मखमलीच्या उलट्या कळ्या

मी पुतळा बोलतोय. चौकात घोड्यावर बसलेला, कबुतरांनी रंगवून ठेवलेला तो पुतळा नव्हे. मी शिवणकामाच्या दुकानातला पुतळा. मला डोकं नाही, हात नाहीत, आणि कमरेखाली एक लाकडी दांडा व त्याला तीन पायांची बैठक आहे. माझ्या अंगावर कपडे चढवून ते नीट बसतात की नाही हे बघायचं, एवढंच माझं काम.

डोकं नसल्याचे फायदे पुष्कळ. डोकेदुखी नाही, आणि माझ्या डोक्यावर कुणी मिरे वाटू शकत नाही. हात नाहीत म्हणून कुणी काम सांगत नाही. टाचण्या टोचतात, पण त्याचं मला काही वाटत नाही. टाचणी टोचायला माणूस अगदी जवळ येतं, त्याचा श्वास लागतो, तोंडातल्या तोंडात चाललेलं पुटपुटणं ऐकू येतं. मला ते आवडतं. एकूण मी सुखी जीव आहे.

माझा जन्म कागदाचा. एका कारागिराने जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या खळीत बुडवून साच्यावर थरावर थर चढवले, उन्हात वाळवले, वर कापूस पसरला आणि जाड सुती कापड ताणून शिवलं. त्यामुळे माझ्या पोटात त्या काळच्या कितीतरी बातम्या आहेत. मी त्या आजवर कुणाला सांगितलेल्या नाहीत. शेवटचा टाका घातल्यावर कारागिराने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाला, "चल, खपशील."

आणि मी खपलो. मला नेलं एका मास्तरांनी. त्यांचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं, पुढे भलीमोठी काच, आत लांबलचक टेबल. बायकांचे झगे, कोट, लग्नाचे पोशाख, सगळं तिथे शिवलं जायचं. मास्तर सांगायचे, त्यांचे वडील नुसत्या सुईने अख्खा पोशाख शिवायचे. दुकानात पहिलं मशीन आलं त्या दिवशी वडिलांनी जेवण टाकलं होतं. "यंत्राने शिवलेले ते कपडे नसतात, पोती असतात," म्हणाले. पंधरा दिवसांनी तेच मशीन ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते.

माझं माप मुळात काटकुळं ठेवलेलं आहे, आणि त्याला कारण आहे. एखाद्या गिऱ्हाइकाचा पोशाख करायचा झाला की तिच्या मापाप्रमाणे मला कापूस गुंडाळायचा, जिथे जास्त हवा तिथे जास्त, पट्ट्यांनी बांधायचा, आणि वरून घट्ट अस्तर चढवायचं. की झालो मी ती बाई. मग तिला सारखं दुकानात बोलवायला नको. ती आपल्या घरी असते आणि इथे तिच्या जागी मी उभा असतो. मी वकिलीणबाई झालो आहे, सुईण झालो आहे, शाळेच्या मुख्याध्यापिका झालो आहे. एकदा जुळ्या बहिणी गिऱ्हाईक म्हणून आल्या, तेव्हा सकाळी एक आणि दुपारी दुसरी झालो. दोघींत फरक फक्त दंडाजवळ होता, पण होता.

इतक्या वर्षांत माणसांबद्दल एक गोष्ट मला पक्की कळली आहे. टेप कमरेला लागला की प्रत्येक बाई श्वास आत घेते. श्रीमंत, गरीब, म्हातारी, तरणी, कुणी अपवाद नाही. मास्तर टेप तसाच धरून गप्पा मारायला लागायचे. "काय मग, नणंद काय म्हणते?" नणंदेचा विषय निघाला की बाई बोलायला लागायची, श्वास सुटायचा, आणि मास्तर खरं माप घेऊन मोकळे व्हायचे.

पुढे समोरच्या बाजूला तयार कपड्यांचं दुकान आलं. लहान, मध्यम, मोठं अशा तीन मापांत सगळं गाव बसायला लागलं. जे बसत नव्हते ते स्वतःलाच दोष द्यायचे. मास्तरांनी मोठ्या रस्त्यावरची जागा सोडली आणि दुकान घराच्या पुढच्या खोलीत आणलं, एका अरुंद गल्लीत. मशीन, टेबल, आरसा आणि मी, एवढेच आलो. काही वर्षांनी मास्तर गेले, आणि दुकान त्यांच्या मुलीने हातात घेतलं. तिला सगळे बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

बाई एकट्या हाताने सगळं करायच्या. नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगा. झगे कमी झाले आणि तयार कपडे दुरुस्त करायचं काम वाढलं. तीन मापांत न बसलेली माणसं पिशव्या घेऊन यायची. हे लांब आहे, ते पोटावर आवळतं, बाही उतरते. बाई सगळ्यांना बसवून द्यायच्या. अधूनमधून एखादं खरं काम यायचं, कोऱ्या कापडापासूनचं, आणि त्या दिवशी बाईंचा आवाज बदलायचा. शिवायला त्या कुणाची मदत घेतील, पण कापायला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "शिवलेलं उसवता येतं. कापलेलं परत जोडता येत नाही," हे त्यांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन, मला झोप असती तर.

मग घरात सून आली.

मुलगा मालट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. सून आधी कपड्यांच्या मोठ्या फॅक्टरीत कामाला होती, ती सोडून आता बाईंच्या हाताखाली बसली. तिथे रांगेत बसायचं, आणि प्रत्येकीने कपड्याचा एकच भाग शिवायचा. एक बाह्या लावते, एक खिसे, एक बटणांची घरं. ही कॉलर शिवायची. सकाळी कॉलर, दुपारी कॉलर, संध्याकाळी कॉलर. तिच्या कॉलरसारखी कॉलर मी कुठे पाहिली नाही, टोकं अशी की बोटाला लागतील. पण त्या कॉलरखालचा शर्ट तिने आयुष्यात कधी पुरा केला नव्हता.

"कॉलरबाई, चहा टाका," असं बाई म्हणायच्या. प्रेमाने म्हणायच्या, पण म्हणायच्या.

सुनेला ते लागायचं. एकदा ट्रकवरच्या नवऱ्याशी ती फोनवर बोलत होती, मी शेजारीच उभा. "मला एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक कपडा करायचाय. कापण्यापासून. पण आई कात्रीला हात लावू देत नाहीत. काज करा, हूक लावा, उसवा. यापेक्षा फॅक्टरी काय वाईट? सुपरवायझर माझी जागा अजून धरून आहेत. हा हंगाम बघते, नाहीतर जाते परत." पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. दोघींच्या मध्ये उभं राहायचा त्याला अनुभव नव्हता, मला होता.

त्याच सुमारास गाणाऱ्या बाई आल्या. भारदस्त अंग, भारदस्त आवाज, दुकानात शिरल्या की आरसा थरथरायचा. त्यांचा भाऊ जहाजावर नोकरीला. त्याने कुठल्या तरी बंदरातून गडद जांभळी मखमल आणून दिली होती. मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि त्यांना त्याचा पायघोळ झगा हवा होता, खाली आठ कळ्यांचा घेर.

"हे कापड पुन्हा मिळायचं नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात देतेय."

"माझ्याच हातात राहील," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी बाई वरच्या फळीवरचा कापसाचा डबा काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून परत आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग मखमलीकडे, आणि मग खुर्चीत बसून राहिल्या.

"गाणाऱ्या बाईंना नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या.

"अहो आई, मी कापते. तुम्ही बसून सांगा. तुम्ही सांगाल तेवढंच करीन."

बाईंनी एकदा प्लास्टरकडे पाहिलं. मग टेबलाकडे नुसती मान हलवली. त्यांची मोठी कात्री सुनेने उचलली, आणि मला मनापासून तिचा हेवा वाटला. हात असते तर मीही उचलली असती.

आधी मला गाणाऱ्या बाई केलं. पुष्कळ कापूस लागला. मग वरचा भाग बेतायचा होता. बाईंनी डाव्या हाताने मखमलीवरून तळवा फिरवला, एकदा असा, एकदा तसा, कापड फिरवून ठेवलं आणि म्हणाल्या, "असंच ठेव. आता काप." सुनेने कापलं, शिवलं, माझ्या अंगावर चढवलं. चोख बसलं. बाईंच्या तोंडून "हं" असा आवाज आला. बाईंचं "हं" म्हणजे दुसऱ्यांची टाळी.

इथे घोळ झाला. मखमलीला लव असते. ती एका दिशेला झुकलेली असते, मांजराच्या अंगावरच्या केसांसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर अडते. लव वरच्या दिशेला ठेवली तर रंग खोल दिसतो, खालच्या दिशेला ठेवली तर त्याच कापडाला फिकी, चंदेरी झाक येते. म्हणून एका पोशाखाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे असतात. बाईंना हे इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं असतं हेच त्या विसरल्या. त्यांनी तळवा फिरवला, सुनेने तो फिरताना पाहिला, आणि तिला वाटलं सासूबाई कापडाच्या सुरकुत्या काढताहेत.

घेर कापायच्या दिवशी बाईंना दवाखान्यात हात दाखवायला जावं लागलं. "कळ्या उद्या कापू," असं सांगून त्या गेल्या. सुनेला राहवलं नाही. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असा तुकडा. आठही कळ्या एकाच दिशेने मांडल्या तर मध्ये कापड वाया जातं. एक सरळ, एक उलटी अशी मांडली की एकमेकींत बसतात आणि कापड वाचतं. फॅक्टरीत कापणारे असंच मांडतात, हे तिने जातायेता पाहिलं होतं. साध्या कापडाला ते अगदी बरोबर असतं. तिने खडूने आखलं, दोनदा तपासलं, कापलं. वाचलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि एकटीच हसली. सासूबाई आल्यावर ते दाखवायचं होतं.

टेबलावर आडव्या पडलेल्या आठही कळ्या सारख्याच दिसत होत्या. तिने कच्चा धावदोरा घालून त्या जोडल्या आणि माझ्या कमरेला लावल्या. मला लगेच कळलं. एक कळी खाली गुळगुळीत उतरत होती, शेजारची अडत होती. बोंब मारावी तर तोंड नाही. तिने मला ढकलत खिडकीशी उजेडात नेलं, मागे सरकून पाहिलं, आणि मटकन खाली बसली. एक कळी खोल जांभळी, एक फिकी, एक खोल, एक फिकी.

बाई परतल्या तेव्हा ती तशीच जमिनीवर बसलेली होती. पुतळ्यावर चादर टाकून ठेवता आली असती, संध्याकाळपर्यंत वेळ काढता आला असता. तिने तसं काही केलं नाही, याचं मला कौतुक वाटलं.

"अहो आई, मी वाटोळं केलं. उलटसुलट कापल्या. का अशा दिसतात तेच कळत नाही, पण मीच केलंय."

बाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मला वाटलं, आता कडाडणार. त्यांचा आवाज आला तो खालच्या पट्टीत.

"कापड किती उरलंय?"

"बरंच. ते वाचवायलाच तर..." आणि ती रडायला लागली.

"रडून मखमलीवर डाग पाडू नकोस. उठ. हात दे इकडे." बाईंनी तिचा तळवा धरला आणि माझ्या कमरेवरून फिरवला, एका कळीवरून, मग दुसरीवरून. "लागलं का? ही वर बघते, ही खाली बघते. याला लव म्हणतात. हे तुला मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, मला येतं म्हणजे सगळ्या जगाला येतं."

सून तळवा फिरवत राहिली. वर, खाली, वर, खाली. मला गुदगुल्या होत होत्या, पण प्रसंग हसण्याचा नव्हता.

गाणाऱ्या बाई फिटिंगला आल्या तेव्हा सुनेनेच पुढे होऊन सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं, मी गाते. झेब्रा होऊन पळणार नाहीये."

"झेब्रा नाही करणार," सून म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "बरोबर दिशेच्या चार कळ्या आहेत. वाचलेल्या कापडातून आणखी दोन रुंद कळ्या निघतात, कमरेला पुरतील अशा, मी मांडून बघितलंय. आठच्या जागी सहा कळ्यांचा घेर होईल. कमी पसरेल. चालेल का?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. हे मांडून बघितल्याचं त्यांनाही माहीत नव्हतं.

गाणाऱ्या बाई कुरकुरल्या, पण दुसरा इलाज नव्हता. सुनेने मखमल अशी उसवली की कुठे भोक दिसू नये, दाबलेली लव वाफेवर धरून उभी केली, आणि नव्या दोन कळ्या कापल्या. कापण्याआधी तिने तळवा फिरवला, मग बाईंचा डावा हात ओढून तोही फिरवला, आणि मगच कात्री लावली. झगा झाला. गाणाऱ्या बाई तो घालून खोलीत फिरल्या, वाकल्या, एक लांब तान घेतली. आरसा हलला, शिवण हलली नाही.

"परवा आठ कळ्यांच्या झग्यात मी मंचाच्या पायरीवर अडखळले होते," त्या म्हणाल्या. "हा पायात येत नाही गं." उरलेल्या चार उलट्या कळ्या बाईंनी त्यांच्यापुढे ठेवल्या, कारण गिऱ्हाइकाचं कापड गिऱ्हाइकाला परत जातं, ही या घराची रीत. त्यांनी त्या बाजूला सारल्या. "मी काय करू यांचं? ठेवा तुम्हाला."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बाईंचं प्लास्टर निघालं. हात आखडला होता, तरी पहिल्याच सकाळी त्यांनी सवयीने कात्री उचलली आणि एका स्कर्टची खालची पट्टी कापायला घेतली. सून काज करायला बसली. दुपारी फॅक्टरीतून निरोप आला, सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसरीला देतो. तिने फोन ठेवला आणि जुना डबा धुऊन पालथा घातला, कामावर न्यायचा तो. मला फार वाईट वाटलं. बाईंनी तो डबा पाहिला की नाही ते मला कळलं नाही.

रविवारी दुपारी बाईंनी दुकानाचं दार लावून घेतलं. त्या चार कळ्या टेबलावर पसरल्या आणि त्यांवरून हात फिरवला. चारही एकाच दिशेच्या. गाणाऱ्या बाईंच्या झग्याला उलट्या असल्या, तरी एकमेकींना त्या अगदी सुलट होत्या, तीच फिकी चंदेरी झाक चौघींनाही.

"यात एक जाकीट बसेल," बाई म्हणाल्या.

"कुणाचं आहे?"

"माझं. माप घे."

सुनेच्या हातातून टेप निसटला. मग मला आठवलं, मास्तर गेल्यापासून बाईंचं माप कुणी घेतलेलंच नाही. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही. जगाचे कपडे शिवणारी ही बाई इतकी वर्षं तयार कपडे घेऊन, तेच आत-बाहेर करून घालत होती.

सुनेने माप घेतलं. कमरेला टेप लागला तशी बाईंनी श्वास आत घेतला. "अहो आई, सोडा," सून म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. मग तिने मला कापूस बांधायला घेतला. उजव्या खांद्यावर थोडा कमी, तो उतरलेला आहे. मानेच्या खाली जास्त, आणखी जास्त. अस्तर चढवून तिने मला फिरवलं आणि माझी पाठ बाईंकडे केली.

बाई जवळ आल्या, माझ्या पाठीवरच्या उंचवट्यावर हात ठेवला.

"ही माझी पाठ?"

"हो."

"कधी झाली गं अशी?"

"शिवताना," सून म्हणाली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, मखमलीपासून फक्त दोन पावलं लांब सरकल्या. "झाकायला जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "जशी आहे तशी बेत." मग कात्री उचलली, तिची मूठ सुनेकडे केली आणि म्हणाल्या, "आणि ही आता परत मागणार नाही मी. काप."

सोमवारी सकाळी फोन वाजला. सून टेबलावर वाकलेली होती, तोंडात टाचण्या. बाईंनी उचलला. "नाही, ती येऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "ती कापतेय." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "छे हो, उद्याही कापत असेल."

तर सध्या माझं असं चाललंय. जाकिटाची एक बाही लागली आहे, दुसरी टाचण्यांवर आहे. येणारी जाणारी गिऱ्हाइकं मला बघून हळहळतात. म्हणतात, "अरेरे, पुतळा जुना झाला, पाठीत वाकला, खांदाही एका बाजूला गेला." कुणी कुणी कनवाळू माणसं तर दोन्ही खांदे धरून मला सरळ करायला बघतात. तुमची भावना मला कळते. पण दुकानात आलात तर एवढं करा, मला सरळ करू नका. मी वाकलो नाहीये. मी सध्या बाई आहे.